उजवा सिग्नल

माझा धाकटा भाऊ पन्नाशी उलटल्यावर शाळेत गेला. हसू नका, खरंच सांगते. आमचं माहेर पेडण्यातलं हळर्ण, मी लग्न होऊन डिचोलीत आले आणि माझ्या मागोमाग तोही आला, कारण तेव्हा खनिजाचे ट्रक सगळे इकडेच पळत होते. खाणीवरून भरायचा, नदीकाठी जेटीवर ओतायचा, परत फिरायचा. त्याची सगळी तरणी वर्षं त्या रस्त्यावर गेली. मग खाणी बंद पडल्या. ट्रक अंगणाअंगणांत उभे राहून गंजले आणि भाऊ हळर्णला परतून मोप्याच्या नव्या विमानतळाच्या बाजूला एका बांधकामावर वॉचमन झाला. फाटक उघडायचं, फाटक लावायचं. त्या कामाला लायसन्स कोण विचारतो? त्यामुळे त्याची मुदत कधी संपली, ते त्यालाही कळलं नाही.

आता ट्रक पुन्हा थोडे थोडे सुरू झालेत. जुन्या ओळखीच्या एका ट्रकमालकानं त्याला बोलावलं. गाडी देतो म्हणाला, पण हंगाम जोरात सुरू व्हायच्या आत जड वाहनाचं लायसन्स चालू करून आण, आणि नव्यानं काढलेलं प्रशिक्षणाचं सर्टिफिकेटही आण. नाही आणलंस तर गाडी दुसऱ्याला.

पिशवी घेऊन तो माझ्या सोप्यावर येऊन बसला आणि म्हणाला, "बाय, म्हाका शाळेंत घातलां."

घरात आम्ही कोकणी बोलतो, लिहायला बसलं की मराठी. तेव्हा मधेमधे त्याची बोली आली तर सांभाळून घ्या.

लायसन्ससाठी आधी डॉक्टरकडे पाठवलं. लांबचं स्पष्ट दिसतं, पण जवळचं वाचायला चष्मा लागला. तो चष्मा लावून घरी आला तेव्हा माझी भावजयही हळर्णहून आली होती. ती म्हणाली, "अगे बाई, मास्तर आयलो!" झालं, तेव्हापासून आम्ही दोघी त्याला मास्तरच म्हणू लागलो आणि तो चिडू लागला. लायसन्स संपून वर्षाच्या वर झालेलं, म्हणून नुसतं नूतनीकरण होईना. परीक्षा पुन्हा द्यायची, गाडी चालवून दाखवायची. ज्यानं चिखलातून, घाटीवरून भरलेला ट्रक उलटा नेला, त्याला आता विचारणार की बाबा, तुला गाडी येते का! त्याचा राग मला कळत होता. पण हेही खरं की इतकी वर्षं त्याच्या हातात स्टेअरिंग नव्हतं, होती ती फाटकाची कडी.

ड्रायव्हिंग स्कूलच्या खोलीत पंख्याखाली सगळे असेच बसलेले. केस पिकलेले, पोटं सुटलेली, बाकावर मावत नाहीत. शिकवायला एक बाई होत्या, आपल्या मुलीच्या वयाच्या. पहिल्या दिवशी भाऊ घरी येऊन म्हणाला, "ती पोर म्हाका ब्रेक शिकयता!" दुसऱ्या दिवशी म्हणाला, "बरें शिकयता गे. आमकां कोणें असें कधीं सांगूंकच नाही." गाडीच्या कुठल्या बाजूला ड्रायव्हरला काहीच दिसत नाही, हे त्या बाईंनी शाळेच्या ट्रकभोवती जमिनीवर खडूनं आखून दाखवलं होतं. त्या आखलेल्या जागेत सगळ्यांना उभं केलं आणि स्वतः ड्रायव्हरच्या जागी बसून म्हणाल्या, आता तुम्ही कोणी मला दिसत नाही. सगळे खाली वाकून त्या रेघा बघू लागले.

संध्याकाळी मी त्याचा अभ्यास घ्यायची. मी चौथीनंतर शाळा पाहिली नाही, पण प्रश्न वाचता येतात. लाल गोलात ट्रक म्हणजे काय, आडवी रेघ म्हणजे काय. एकदा विचारलं, "उजवा सिग्नल कधी द्यायचा?"

"उजवीकडे वळताना," तो म्हणाला. मग हसला. "आणि मागल्याक वाट दिवपाक."

म्हणजे कसं, ते त्यानं मला समजावलं. खनिजाच्या रस्त्यावर धूळ एवढी की मागच्या ट्रकला पुढचं काही दिसायचं नाही. मग पुढचा ड्रायव्हर समोर मोकळं आहे असं बघून उजवा सिग्नल द्यायचा. मागचा समजायचा की आता जायला हरकत नाही. जाताना एक हॉर्न द्यायचा, तो आभाराचा. त्या सगळ्या रस्त्यावर कोणाला हे शिकवावं लागलं नव्हतं.

परीक्षेच्या दिवशी मला बाजार करायचा होता म्हणून मीही त्याच्याबरोबर गेले. मैदानाच्या कडेला आंब्याखाली बसले. ट्रक मागे घ्यायला सांगितला, तर आरशात बघत त्यानं खुंट्यांच्या मधून असा नेला की शेजारी बसलेला एक माणूस म्हणाला, "जुना हात दिसतोय." मला केवढा अभिमान वाटला! मग परीक्षा घेणारे साहेब त्याच्या शेजारी चढून बसले आणि ट्रक रस्त्यावर गेला.

परत आला तो उतरलेला चेहरा घेऊन. मी विचारण्याआधीच म्हणाला, "नापास."

झालं असं. मागे एक पाववाला स्कूटरवर अडकला होता. त्याला घाई, पावाची टोपली मागे बांधलेली. भावानं पुढे बघितलं, मोकळं होतं, आणि हात आपोआप गेला. उजवा सिग्नल. साहेब म्हणाले, "कुठे वळताय?"

"खंयच ना, साहेब."

"मग सिग्नल कशाला?"

"मागच्याला वाट दिली."

साहेबांनी कागदावर फुली मारली. आठवड्यानं परत या म्हणाले.

घरी येऊन त्यानं पिशवी भरायला घेतली. "वॉचमनच बरा मी. वाट दिली म्हणून नापास करतात!" भावजय म्हणाली, "मास्तर, शाळा सोडून पळतात ती पोरं." तिला वाटलं हसेल, पण तो हसला नाही. शेवटी मीच त्या शिकवणाऱ्या बाईंना फोन लावला आणि त्याच्या कानाला दिला. तो आधी भांडलाच. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग काय म्हणाल्या, ते त्यानं मला नंतर सांगितलं. "काका, तुम्ही चुकीचं काही केलं नव्हतं. पण तुमच्या मागे आता तुमचे ड्रायव्हर नाहीत. भाड्याच्या गाड्या आहेत, विमानातून उतरलेली माणसं आहेत. तुम्ही उजवा दिलात की त्यांना वाटणार तुम्ही उजवीकडे वळताय. मग ती डावीकडून घुसणार." डावीकडे म्हणजे कुठे, ते त्याला ठाऊक होतं. खडूनं आखलेल्या त्या जागेत.

त्यानं पिशवी तशीच सोप्यावर ठेवली. ती भावजयीनं गुपचूप रिकामी केली.

पुढचा आठवडा जेवणाचं ताट घेऊन स्टेअरिंग म्हणून फिरवत बसायचा. मी मागून ओरडायची, "पोंव! पोंव! अहो ट्रकवाले, वाट द्या!" आणि तो डावा हात मांडीवर दाबून धरायचा. सिग्नलची कांडी परीक्षेच्या ट्रकात डाव्या हाताला होती.

दुसऱ्या परीक्षेला मी गेले नाही, माझ्यानं ते बघवलं नसतं. दुपारी आला. पास. भावजयीनं साखर आणली, पण त्याचं लक्ष नव्हतं.

"कितें जालें?" मी म्हटलं.

तो सांगू लागला. रस्त्यावर त्याच्या पुढे खनिजाचा भरलेला ट्रक लागला. हळू चाललेला, वळण जवळ आलेलं. आणि त्या ड्रायव्हरनं उजवा सिग्नल दिला. भाऊ गेला नाही. त्यानं परत दिला. मग खिडकीतून हात काढून, ये रे, ये रे म्हणून बोलावलं. भाऊ तसाच मागे. शेवटी पुढच्यानं हातानंच, काय माणूस आहे असं करून हात आत घेतला.

साहेबांनी विचारलं, "का नाही गेलात? त्यानं तर वाट दिली."

"म्हाका फुडलें दिसनासलें, साहेब. उजवा म्हणजे तो उजवीकडे वळणार, असंच धरलं मी."

साहेब म्हणाले, "बरोबर."

"मग तोंड असं का केलंस?" मी विचारलं.

"तो जुना होता गे, बाय. आमच्यातलोच. त्याका समोरचें दिसतालें, म्हणून दिली वाट. आणि हांवें ती घेतलीच नाही." चष्मा काढून तो शर्टाला पुसत बसला. मग म्हणाला, "हॉर्नसुद्धा दिला नाही मी त्याला."

साखर भावजयीच्या हातात तशीच होती. ती म्हणाली, "गाडी मिळाली की तो रोजच भेटेल त्या रस्त्यावर. सांग मग त्याला."

"सांगपाक जायच, सांगायलाच हवं," तो म्हणाला. "तो तशीच वाट देत रावलो तर एक दीस कोण तरी डावीकडून घुसतलो."

मग त्यानं साखर तोंडात टाकली आणि ट्रकमालकाला फोन लावायला सोप्यावर गेला.