आप्पांच्या पद्मिनीचा हॉर्न

धुळ्याहून निघालेली एसटी घाट उतरून विसरवाडीच्या फाट्यावर थांबली, तेव्हा माझा बेत पक्का होता. नंदुरबारच्या पुढे, तापीकाठच्या एका गावात एक पद्मिनी मोटार आहे. ती विकत घ्यायची आणि परतीच्या वाटेवर याच फाट्यावर फोडायची.

नाशिकला माझ्या घरी वडिलांची पद्मिनी आहे. ही गाडी बनायची बंद होऊन कित्येक वर्षं झाली, सुटे भाग मिळत नाहीत. त्यामुळे आम्हा जुन्या गाड्यांच्या वेड्यांमध्ये एक रीत पडली आहे. एक जगवायची तर दुसरी कापायची. कापायच्या गाडीला आम्ही 'दाता' म्हणतो, म्हणजे मनाला जरा बरं वाटतं. जितके भाग मूळचे, तितका गाडीला भाव आणि मालकाला मान. बाबांच्या गाडीचा गिअरबॉक्स पार गेला होता, आणि हॉर्न तर कुठल्याशा मालट्रकचा बसवलेला होता. लाज वाटायची.

फाट्यावर रतिलाल मिस्तरींचं गॅरेज आहे. त्यांच्याशी बोलणी उरकली, त्यांचा टेम्पो ठरवला आणि आम्ही दोघं नंदुरबारकडे निघालो. शहराजवळ रस्त्याच्या दोन्ही अंगांना मिरचीच्या पथाऱ्या (मिरची वाळवायची मोकळी मैदानं) पसरल्या होत्या. मी हौसेनं काच खाली केली आणि पुढची दहा मिनिटं नुसता शिंकत होतो. मिस्तरींनी माझ्या हातात पाण्याची बाटली दिली.

गाडीचे मालक दगा आप्पा ओट्यावर आमची वाट पाहत बसले होते. वय ऐंशीच्या पुढे, पांढरी टोपी, अंगात स्वेटर. आवाजाच्या दिशेनं त्यांनी मान वळवली, तेव्हा कळलं की त्यांना दिसत नाही.

"सात वरीस व्हयनात, डोया गयात," ते म्हणाले. "पन हात शेतस ना. रोज सकायले मी तिले धुस."

गोठ्याशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये गाडी उभी होती. काळी, चकचकीत, आरशासारखी. त्यांच्या सुनेनं सांगितलं, आप्पा रोज नळी लावून तिला आतून-बाहेरून धुतात, मग इंजिन सुरू करून घटकाभर आत बसतात आणि उतरताना एकदा हॉर्न वाजवतात. गावातल्या कितीतरी मुली याच गाडीतून सासरी गेल्या होत्या. अडलेल्या बायकांना आप्पांनी याच गाडीतून नंदुरबारच्या दवाखान्यात नेलं होतं. हॉर्न ऐकला की रस्त्यावरच्या बैलगाड्या आपोआप बाजूला व्हायच्या. मी बॉनेट उघडलं. सगळं मूळचं. मी एकेक भाग मनात मोजू लागलो, आणि ते भक्तीनं नव्हे, हावेनं. आता लिहितानाही ते कबूल करायला जड जातं.

जेवायला कळण्याची भाकरी (ज्वारी-उडदाची) आणि मिरचीचा ठेचा होता. आप्पांनी स्वतः भाकरीचा तुकडा मोडला आणि चाचपत माझ्या ताटात ठेवला.

"मन्हा सुरतना पोऱ्या म्हनस, भंगारमा टाकी द्या," ते म्हणाले. "मी मरी गऊ का तो टाकीच दी. म्हनीसन तुमले दी ऱ्हायनू. तुम्ही तोडशात नही ना?"

मिस्तरी ताटात बघत राहिले.

"नाही आप्पा," मी म्हणालो. "चालवेन."

"मंग लई जा. दर ऐतवारले मी फोन करसू. तिनं हारन ऐकाडा."

सुनेनं बॉनेटवर कुंकू लावलं, नारळ फोडला. गाडी टेम्पोवर चढली तेव्हा आप्पांचा हात तिच्या मागच्या दिव्यावरून निसटला आणि तसाच हवेत राहिला.

त्या हातानं माझा बेत मोडला. खांडबाऱ्याचा फाटा मागे पडला तेव्हा मी मिस्तरींना म्हणालो, "फोडायची नाही. अशीच नाशिकला नेतो."

विसरवाडीला गाडी उतरवल्यावर मिस्तरींनी तिचं दार उघडलं आणि पायाखालची रबरी चटई उचलली. खाली पत्रा नव्हताच. गॅरेजची माती दिसत होती. रोज धुताना साचलेलं पाणी चटईखाली मुरून मुरून तळ खाऊन गेलं होतं. मिस्तरींनी दाराखालच्या पट्टीत पाना टोचला, तो बिस्किटात शिरावा तसा आत गेला.

"वरतून चमकस, खालतून सडेल शे," ते म्हणाले. "हाई गाडी रस्तावर नही चालाव. पानीघाई मरी गयी."

इतकी वर्षं ज्या हातांनी तिला जपलं, त्याच हातांनी तिला संपवलं होतं, आणि ते त्या म्हाताऱ्याला कुणी सांगितलं नव्हतं. मीही सांगितलं नाही. संध्याकाळपर्यंत तिचे तुकडे झाले. मी गिअरबॉक्स घेतला, दारं घेतली, आणि हॉर्न. बॉनेट घेतलं नाही. त्यावर कुंकू होतं.

बाबांची गाडी आता झकास चालते. जुन्या गाड्यांच्या मेळाव्यात लोक तिच्याभोवती गोळा होतात, मूळचे भाग बघून वाहवा करतात. मला ती वाहवा ऐकवत नाही. कुणाच्या तरी जिवावर आपली हौस उभी राहते, हे मला आधीही ठाऊक होतं. फक्त त्या जिवाला नाव नव्हतं.

आप्पांचा फोन दर रविवारी येतो. पहिल्या दोन रविवारी मी गाडी सुरू केली, फोन बॉनेटपाशी धरला, हॉर्न वाजवला. "हाऊच," म्हणजे हाच तो, एवढंच म्हणून त्यांनी दोन्ही वेळा फोन ठेवला. तिसऱ्या रविवारी मात्र त्यांनी लगेच फोन ठेवला नाही.

"हारन मन्हंच शे," ते हळू आवाजात म्हणाले. "इंजन मन्हं नही."

पलीकडे त्यांच्या श्वासाचा आवाज येत होता.

"पुढला ऐतवारले बी ऐकाडा," ते म्हणाले.

तेव्हापासून मी इंजिन बंद ठेवून हॉर्न वाजवतो.