पहिली मूठ

वच्छलाबाईच्या कढईजवळ उभं राहायचं तर तोंड बंद ठेवावं लागतं. कोणी आच वाढवायला गेलं की ती खेकसते. पोंभुर्ण्यापलीकडच्या आमच्या गावात तिच्यासारखे दाणे कोणी भाजत नाही. शेंगदाण्यांवर हळद-मिठाचं पाणी शिंपडायचं, ते सुकेपर्यंत परतायचं, मग जवस, ओवा, आणि अगदी शेवटी चारोळी. ती लगेच करपते.

हा सगळा खटाटोप सून रंजीतासाठी. लग्नाला सहा वर्षं झाली, मूल नाही. औषधासोबत रोज मूठभर दाणे खायला सांगितलेत, एवढंच मुलानं, धनराजनं, चंद्रपूरच्या दवाखान्यातून येऊन सांगितलं होतं. मग काय, वर्षभर सासूनं सुनेला समोर बसवून वाटी रिकामी करायला लावली. पोरगी वाटी बघूनच कंटाळायची, पण बोलायची नाही. त्यात नातलग धनराजसाठी दुसरी बायको शोधायला लागले. मला तर त्यांची चीडच यायची.

या उन्हाळ्यात वच्छलाबाई स्वतः सोबत दवाखान्यात गेली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "सुनेला काही झालेलं नाही. उपचार तुमच्या मुलाला हवेत. दाणेही दोघांना सांगितले होते. हे खातात ना?"

धनराज खाली बघत बसला.

आमच्या गावात नवी चारोळी देवापुढे ठेवल्याशिवाय कोणी तोंडात टाकत नाही. त्या दिवशी घरची मोठी बाई पहिली मूठ ज्याच्या हातावर ठेवते, त्याच्यासाठी सगळं गाव देवाकडे मागणं मागतं. सहा वर्षं ती मूठ रंजीताची. यंदाही तिनं सवयीनं हात पुढे केला.

नवी चारोळी घातलेले भाजके दाणे घेऊन वच्छलाबाई आली आणि धनराजपुढे थांबली.

"हात कर."

"माय, लोकं पाहून राह्यले."

"पाहू दे. सहा वर्सं हिलेच पाह्यलं, तवा तुले काई वाटलं नाई? दवाई तुले लागते, तं मागणंबी तुह्यासाठीच."

दुसरी बायको शोधणारे तिथेच होते. त्यांच्यादेखत धनराजनं हात पुढे केला. मग वच्छलाबाई सुनेकडे वळली.

"माह्यं चुकलं, बाई. तुले खावासं वाटत नसन तं नको खाऊ."

रंजीतानं नवऱ्याच्या तळहातावरचे चार दाणे उचलले आणि सावकाश चावले.

"यंदा चव लागली," ती म्हणाली.