एकमताने

मिस्त्री नाकासमोर चालणारा माणूस. शिलाई मशीन उघडून बसला की जगाचं भान नाही, आणि खोटं बोलायची तर त्याला अक्कलच नव्हती. कपड्यांच्या कारखान्यातल्या दीडशे मशिनींची देखभाल त्याच्याकडे होती. एखादी टाका सोडायला लागली की मुली ओरडायच्या, "मिस्त्री, ही बघा रुसली!" आणि हा स्क्रू ड्रायव्हर घेऊन धावायचा. पुढे त्याची बायको झाली ती त्याच कारखान्यात कटिंगला होती. कापडाचे चाळीस थर एकावर एक रचून ती असं कापायची की कडेला सूतभर फरक पडत नसे.

दोघांचं जुळलं ते कामगारांच्या लाल बावट्याच्या पक्षाच्या अभ्यासवर्गात. लग्नही पक्षाच्या कचेरीतच झालं, दोन सह्या आणि एक भाषण. भाषण मास्तरांचं. मास्तर शाळेतून कधीच निवृत्त झाले होते, पण वर्ग घ्यायची खोड काही गेली नव्हती. ते म्हणाले, संसार हा चळवळीच्या वाटेवरचा मुक्काम आहे, तिथे फार रेंगाळायचं नसतं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, नवरानवरीनेही वाजवल्या. मूल चळवळीला जरा उसंत मिळाल्यावर, असंही ठरलं. चळवळीला उसंत कधी मिळते, हे विचारायची बुद्धी कुणाला झाली नाही.

पण ती दोघं एकमेकांसाठी वेडी होती, हे सांगितलंच पाहिजे. खोली एवढीशी, भिंतीपलीकडे शेजारी, आणि यांचं हसू आवरता आवरायचं नाही. त्याच्या बोटांना लागलेलं मशीनचं तेल ती साबण लावून स्वतः धुवायची, आणि धुता धुता सगळं राहून भलतंच व्हायचं. मिस्त्रीला मात्र त्या सुखाची मनातून लाज वाटे. मास्तरांच्या पुस्तकांत भूक होती, संप होता, तुरुंग होता. बायकोच्या मानेवरचा घाम कुठेच नव्हता. म्हणजे ही आपलीच कमजोरी, असं तो धरून चालला.

संप आठवड्यावर आला होता. कारखान्याच्या फाटकावर सकाळी पत्रकं वाटायची पाळी त्याची आणि इस्त्री विभागातल्या एका उंच माणसाची होती. निघताना तिने त्याचं मनगट धरलं. "थांब ना. अर्ध्या तासाने क्रांतीचं काय अडतंय?" तो हसला आणि थांबला. अर्ध्या तासाचे दोन तास झाले. तेवढ्यात फाटकावर मालकाच्या माणसांनी काठ्या चालवल्या. उंच माणूस एकटा सापडला आणि त्याचा एक डोळा कायमचा गेला.

पक्षात दर रविवारी सकाळी आत्मटीकेची बैठक असे. आठवड्यात आपल्या हातून काय चुकलं ते ज्याने त्याने उभं राहून चारचौघांत सांगायचं, आणि बैठकीने त्यावर उपाय ठरवायचा. बाकीचे शहाणे होते. वाचन कमी पडलं, बैठकीला उशीर झाला, असलं काहीतरी मिळमिळीत सांगून खाली बसायचे. मिस्त्री उठला तो रडवेला होऊनच.

"मी गेलो नाही. घरी होतो, बायकोजवळ."

"आजारी होती?" मास्तरांनी विचारलं.

"नाही."

"मग?"

अहो, खोटं नसेल बोलता येत, तर माणसाने गप्प तरी बसावं! हा म्हणाला, "तिनं थांब म्हटलं. मलाही सोडवेना. आमचं हे नेहमीचंच झालंय."

खोलीत तेवीस माणसं होती, आणि चौथ्या बाकावर ती. कुणीतरी खोकलं. मास्तरांनी चष्मा पुसला आणि ठराव मांडला: दोघांनी सहा महिने वेगळं राहावं, मिस्त्रीने कचेरीत झोपावं. "हात वर करा." ठराव एकमताने पास झाला. तिचाही हात वर होता. मिस्त्रीला तिचा अभिमान वाटला, गाढवाला.

सहा महिन्यांनी तो घरी आला तेव्हा दोन गाद्या घातलेल्या होत्या, मध्ये हातभर जागा. ती नीट बोलायची, वेळेला हसायचीही, पण त्याची बोटं धुवायला पुन्हा आली नाही. एकदा त्याने हात पुढे केला. तिने तो उचलून त्याच्याच गादीवर ठेवला. मिस्त्रीने स्वतःची समजूत घातली की ती आपल्यापेक्षा पक्की निघाली. अशा बाईजवळ आपली भूक घेऊन जाणं म्हणजे तिचा अपमान. हा शहाणपणा सव्वीस वर्षं चालला. मास्तर गेले, कचेरीच्या जागी चपलांचं दुकान आलं, मूल तर राहूनच गेलं. गाद्या मात्र जागच्या हलल्या नाहीत.

यंदा ती बसच्या पायरीवरून पडली आणि तिचा उजवा खांदा मोडला. हात गळ्यात बांधलेला. केस विंचरायला दोन दिवस शेजारीण आली, मग शेजारणीला आपल्या लेकीकडे जावं लागलं. शेवटी मिस्त्रीनेच कंगवा घेतला. केस पांढरे झाले होते, पण मानेवरचा तीळ तिथेच होता. वय उतरणीला लागलं होतं, आणि त्याला एवढंच हवं होतं, की एकदा तरी तिच्या कुशीत निजावं. पण तिला ते मनापासून नकोच असेल तर? त्याने धीर करून विचारलं.

"तुला पटला होता तो ठराव?"

कुठला, असं तिने विचारलं नाही. "नाही," ती म्हणाली.

"मग हात का वर केलास?"

"तुझा आधी वर गेला. मी तुझ्याकडेच बघत होते."

मिस्त्रीच्या हातातला कंगवा थांबला. तो म्हणाला, "एवढी वर्षं एका शब्दानं बोलली नाहीस."

"राग तर महिन्याभरात गेला होता रे. मला तू हवाच होतास. पण जवळ यायचं मनात आलं की वाटायचं, हेही तू रविवारी उभा राहून सांगशील."

"आता कुठला रविवार? कोण राहिलंय?" त्याला रडू फुटलं. त्याने भीत भीत तिच्या मानेवर हात ठेवला. या वेळी तिने तो उचलला नाही. ती डोळे मिटून तशीच बसली, पण अंग लाकडासारखं ताठ झालं होतं.

"नाही जमत," ती हळूच म्हणाली. "सगळी बसलेली दिसतात मला. सगळी तेवीस."

मिस्त्री दार लावायला उठला. दार लावलेलंच होतं.