डावीकडे दुखलं तर चोळायचं

कशेळीत मी दवाखाना थाटला तेव्हा माझी खरी स्पर्धा दुसऱ्या डॉक्टरशी नव्हती, आक्काशी होती. आक्का पोटं चोळायची. गोडाऊनचा हमाल असो की नारपोलीचा पॉवरलूमवाला, पोटात कळ आली की आधी तिच्या ओटीवर आडवा व्हायचा. तिथं उतार पडला नाही तरच माझी आठवण. कोमट तेल, अंगठ्याचा दाब, बेंबीभोवती गोल फिरणारा हात. मला भारी राग यायचा.

सतरा वर्षांपूर्वी तिनं एकाचं सुजलेलं अपेंडिक्स चोळलं. माणूस जेमतेम वाचला. मी तिच्या ओटीवर जाऊन चारचौघांत तिला झाडलं. ती निमूट ऐकत राहिली आणि मग म्हणाली, "मंग वलखायचा कसा, ता सांगा."

मी तिचाच हात धरून दाखवलं. बेंबीच्या उजवीकडे, खाली. "इथं दुखत असेल तर बोटही लावायचं नाही, थेट माझ्याकडे पाठवायचं. डावीकडे दुखलं तर खुशाल चोळ." खुशाल हा शब्द माझाच.

तिनं तो नियम कुलदेवीच्या नवसासारखा पाळला. उजवीकडे दुखणारा एकही माणूस तिनं त्यानंतर ओटीवर घेतला नाही. मी मित्रांना ऐटीत सांगायचो, आमची आक्का म्हणजे बिनपगारी सोनोग्राफी.

भाविक तिचा एकुलता मुलगा. मानकोलीला फोर्कलिफ्ट चालवायचा, गावच्या क्रिकेट टीमचा कॅप्टन होता, आणि हरल्यावर दोन दिवस कुणाशी बोलायचा नाही. लहानपणापासून त्याचा ताप-खोकला माझ्याकडेच. मी शर्टावरूनच पाठीला स्टेथोस्कोप टेकवायचो आणि गोळ्या लिहून द्यायचो. बाहेर तीस-चाळीस पेशंट खोळंबलेले असत.

मागच्या माघात, एका मंगळवारी, तो ड्युटीवरून पोट धरून घरी आला. आक्कानं विचारलं, "कंच्या बाजूला?" डावीकडे. तिनं पुन्हा विचारलं, स्वतः हात ठेवून बघितलं. डावीकडेच. मग तेल कोमट केलं आणि चोळलं.

बुधवारी ताप आला, तेव्हा तिनं त्याला माझ्याकडे आणलं. मी पोट दाबलं, तो डावीकडे कळवळला. मुतखडा असेल, म्हटलं, आणि कळ थांबायचं इंजेक्शन दिलं. हेच उजवीकडे असतं तर मी त्याला तिथल्या तिथे रिक्षात घालून ठाण्याला धाडलं असतं. इंजेक्शननं कळ थांबली. आतलं काही थांबलं नाही.

गुरुवारी पोट फळीसारखं कडक झालं. ठाण्याच्या हॉस्पिटलात सोनोग्राफी झाली आणि सर्जनचा मला फोन आला. यकृत डावीकडे, प्लीहा उजवीकडे, हृदय उजवीकडे. आरशात दिसावा तसा सगळा माणूस उलटा. अपेंडिक्सही डावीकडे, आणि फुटलेलं. असा माणूस हजारोंत एखादा. तो शंभर वर्षंही जगतो, त्यात रोग असा काहीच नसतो. फक्त कुणाला तरी ते माहीत असावं लागतं. "तुमचा जुना पेशंट ना हा?" सर्जननं विचारलं.

सोमवारी भाविक गेला.

तेराव्यानंतर मी आक्काकडे गेलो. माफी मागायला गेलो होतो आणि बोललो मात्र सारवासारवीचं. "आक्का, हे कुणाला कळणार होतं? हजारोंत एखादा असतो असा."

"मना ठावं व्हता," ती म्हणाली.

"काय ठाऊक होतं?" मी विचारलं.

"तान्हा व्हता तवाच. छातीशी धरला का त्याचा काळीज उजवीकडं उडायचा. तुमाना सांगितलेला मी, डाक्टर. चार वर्सांचा व्हता तो."

आठवत नाही म्हणायची सोय नव्हती. मला आठवलं. मी हसलो होतो, कंपाउंडरला हाक मारून त्यालाही हसवलं होतं. "अगं आक्का, काळीज सगळ्यांचं डावीकडेच असतं," असं म्हणालो होतो, पोराच्या छातीवर हातसुद्धा न ठेवता. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात. माझ्या शहाणपणात दुसऱ्याचा मुलगा गेला.

"तुमी म्हनाले, तवा मना वाटला माजाच हात चुकला," आक्का म्हणाली. आवाजात राग नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं.

आता ती पोटं चोळत नाही. ओटीवर कुणी आलं की बाजू न विचारताच सांगते, "डाक्टरांकडं जा, ते शिकलेले हायत." लोक येतात. बाहेर गर्दी असली तरी मी प्रत्येकाला शर्ट काढायला लावतो आणि आधी उजवीकडे ऐकतो.

सगळ्यांचं डावीकडेच असतं.