सासूसाठी मांजरपाट

गल्फमध्ये माणसं सोनं साठवतात म्हणे. आमच्याकडे साठले किस्से! नव्वदच्या दशकात आम्ही बहरीनमध्ये ईसा टाउनला राहत होतो, तेव्हाचे तर इतके, की एक सांगायला घ्यावा तर मागून चार धक्के मारत येतात. आणि बहुतेक सगळे सुमनचे.

सुमन गायकवाड आमची शेजारीण, मूळची कराडकडची. तिचा नवरा स्टोअरकीपर. भला माणूस, फक्त घाबरट. महिन्यातून एका गुरुवारी आमची दोन्ही कुटुंबं आमच्या ह्यांच्या जुन्या व्हॅनमधून राजधानीला, मनामाला जायची. आम्हाला शॉपिंग हवं असायचं, सुमनला बघायला चित्रं! ती स्वतः सुरेख चित्रं काढायची. आपण चित्रकार आहोत हे कुणीतरी, निदान नवऱ्यानं तरी, मान्य करावं एवढाच तिचा हट्ट होता.

*

एकदा मनामाच्या बाजारात, बाब अल बहरीनच्या कमानीजवळ, सोन्याच्या दुकानात बसलो होतो. गायकवाड मोठ्या मनानं म्हणाले, "आज पायजे ते घे!"

"खरंच पायजे ते?"

"शब्द दिला!"

सुमन उठली, सरळ पलीकडच्या गल्लीतल्या स्टेशनरीच्या दुकानात गेली आणि ऑइल पेंट्सची मोठी पेटी घेऊन आली.

गायकवाडांचा चेहरा पडला. "अगं, लोकं काय म्हणतील? गल्फमध्ये ऱ्हाऊन हातात नवी बांगडी न्हाई?"

"रंग हाय की हातात!"

सोनाराने मागवलेला चहा तेवढा पिऊन आम्ही निघालो.

*

रंग आले, पण कॅनव्हास कुठून आणायचा? मग पुढच्या महिन्याच्या गुरुवारी कापडाचं दुकान. सुमननं जाड पांढरा मांजरपाट मागितला.

"पडद्याला की गादीला?" दुकानदारानं हिंदीत विचारलं.

"सास के लिये!"

दुकानदाराचा हात थबकला. त्यानं डोळ्यांवरचा चष्मा काढला आणि हळूच विचारलं, "कब गुजर गईं?"

"गुजरी नहीं, भैया! अभी तो उनको बिठाना है!"

बिचाऱ्याला काहीच कळलं नाही. पण दुःखात म्हणून त्यानं डिस्काउंट आधीच देऊन टाकला होता, आणि सुमननं तो परत केला नाही!

*

दोन महिन्यांनी चित्र पूर्ण झालं. गावाकडच्या उंबऱ्यावर ऐसपैस बसलेली सासू, आठवणीतून काढलेली, पदर डोक्यावर, आणि एक बोट तोंडात. मिश्री लावतेय! इतकी खरी, की मला तिचा दरारा वाटला.

गायकवाड ओरडले, "आईला मिश्री लावताना काढलीस? दुसरी येळ न्हाई मिळाली?"

"दुसऱ्या कुठल्या येळंला त्या एका जागी बसत्यात, सांगा!"

गायकवाडांनी बराच विचार केला. मग जेवायला बसले.

*

मनामात हौशी चित्रकारांचं प्रदर्शन भरणार होतं. आम्ही सासूबाईंना चादरीत गुंडाळून व्हॅनमधून नेलं. आयोजक मुंबईचे, टाय लावलेले. भिंतींवर ससाणे, होड्या, घोडे.

"मॅडम, चित्र छान आहे. फक्त ते तोंडातलं बोट काढता आलं तर..."

सुमननं समोरचा घोडा नीट निरखला. "काढते की! आधी त्याला चड्डी घाला."

चित्र तसंच लागलं. पण राग म्हणून त्यांनी ते वॉटर कूलरशेजारी टांगलं. मे महिना! सगळ्यात जास्त गर्दी तिथंच झाली.

*

पण एका बाबतीत सुमन हरली होती. चित्रावर तिची सही नव्हती. गायकवाडांनी तिच्या पासपोर्टमधला शिक्का दाखवला होता: हाउसवाइफ, काम करण्याची परवानगी नाही. "चित्र विकलं गेलं तर ते काम झालं! समजलं तर खलास, सगळ्यांना घरी पाठवतील!"

त्या दिवशी तिनं सही न करताच ब्रश धुऊन ठेवला. मला भयंकर राग आला. मी पुण्यात सात वर्षं शाळेत शिकवलं होतं, आणि माझ्याही पासपोर्टवर तोच शिक्का होता.

प्रदर्शनाच्या शेवटच्या संध्याकाळी एक बहरीनी बाई आल्या. चित्रापुढे उभ्या राहिल्या त्या हलेचनात.

"हे कुणी काढलं?" त्यांनी इंग्रजीत विचारलं.

गायकवाडांना तो शिक्का आठवला असावा. त्यांच्या तोंडून निघून गेलं, "आय, मॅडम! मी! माय मदर!"

"माशाल्ला! मला हे हवंय. पण यावर सही नाही. करा ना."

आयोजकांनी धावत रंग आणि ब्रश आणला. गायकवाडांनी ब्रश हातात धरला, उलटा.

त्यांची नऊ वर्षांची मुलगी प्राची मराठीत विचारलं तरी इंग्रजीतच उत्तर द्यायची. ती मोठ्यानं म्हणाली, "बट बाबा, यू कान्ट इव्हन ड्रॉ अ कॅट!"

सुमन पुढे झाली. नवऱ्याच्या हातातला ब्रश काढून घेतला, सुलटा केला, आणि सासूच्या लुगड्याच्या काठाखाली लालभडक रंगात, चांगल्या वीतभर अक्षरांत लिहिलं: सुमन.

"अगं, व्हिसा!" गायकवाड कळवळले.

तिनं त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्या बाईंकडे वळली आणि आपल्या इंग्रजीत स्वच्छ म्हणाली, "मदर, हिज. पेंटिंग, माइन."