दक्षिणेचा नारळ
कापूर पेटला की मला पंचवटीतलं एका गुरुजींचं घर आठवतं आणि अजूनही डोकं फिरतं. दोन हजार सालच्या सुमारास मी पत्रिका मांडायचा एक प्रोग्राम लिहून सगळ्यांना फुकट वाटला होता. पोट भरायचं होतं ते तो बसवून देण्यावर आणि दुरुस्तीवर. त्या दिवशी गुरुजींच्या कॉम्प्युटरवर अक्षरांच्या जागी नुसते चौकोन दिसत होते. धुपाच्या धुराने चिकट झालेल्या कीबोर्डवर अख्खी दुपार घालवून मी ते नीट केलं आणि पैसे मागितले. "अहो, फुकट म्हणून तर घेतलं," गुरुजी म्हणाले. मी वैतागलो. "गुरुजी, पूजेची पोथी कुणीही वाचू शकतो. तरी लोक तुम्हालाच बोलावतात, दक्षिणा देतात. माझंही तसंच आहे." गुरुजींना एकदम पटलं. "मग हे आधी सांगायचं ना," म्हणत ते आत गेले आणि विड्याच्या पानांवर सुपारी, अकरा रुपये आणि एक नारळ घेऊन आले. मी तोंड उघडणार, तोच म्हणाले, "दक्षिणेत घासाघीस करत नाहीत." आता मी दर ठरवल्याशिवाय कुणाकडे जात नाही. गुरुजींकडे मात्र अजून नारळच मिळतो, आणि बोलायची सोय नाही, कारण दाखला मीच दिला होता.