एका अक्षराची सावली

अमृतराव घाटावर मी पिंडदान सांगत होतो. नागपूरहून आलेल्या गृहस्थांचा थोरला भाऊ वारला होता. घरातली नावं त्यांनी मोबाइलवर लिहून माझ्यापुढे धरली. दोघा भावांच्या नावांत एका अक्षराचाच फरक होता, आणि मला तेव्हा प्रत्येक अक्षरामागे त्याची पुसट सावली दिसायची. मी वाचलं. ते हलकेच म्हणाले, "गुरुजी, हे माझं नाव आहे."

पिंड त्यांच्या हातातच होता. त्यांची बायको उठली आणि वरच्या पायरीवर जाऊन बसली. मी क्षमा मागून संकल्प पुन्हा सांगितला, पण मान वर करवेना. मंत्र पाठ होते म्हणून इतके दिवस निभावलं होतं. पोथी नुसती पुढ्यात मांडायचो. पुरोहिताला दिसत नाही हे कळल्यावर त्याला कोण बोलावणार?

दुसऱ्याच दिवशी इस्पितळात गेलो. डॉक्टरीणबाईंनी बुबुळाचा नकाशा काढून दाखवला. पुढचा पारदर्शक पडदा, म्हणजे कॉर्निया, पातळ होऊन शंकूसारखा पुढे आला होता. केराटोकोनस म्हणतात त्याला.

"असं फार कमी लोकांना होतं का?" मी विचारलं.

"पुस्तकात तसंच वाचलं होतं. पण मोजलंय कुठे कोणी? लोक दर वर्षी चष्मा बदलतात आणि गप्प बसतात. आम्ही आता मोहल्ल्या-मोहल्ल्यात तपासणी करतोय. घरच्यांना घेऊन या. बऱ्याचदा एकाच घरात दोघा-तिघांना निघतं."

चुलत भावाला सांगितलं, तर तो म्हणाला, "आमच्याकडे लग्नाच्या मुली आहेत. हा विषय इथे नको." मला त्याचा राग आला नाही. मीही मुलीला मंगला गौरीच्या देवळाजवळच्या तपासणीला नेलं ते मागच्या गल्लीने, ओळखीचं कोणी भेटू नये म्हणून. तिथे या हिंदी मुलखात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली, आमच्यासारखीच मराठी बोलणारी चार-पाच घरं आधीच बसलेली. जो तो भिंतीकडे बघत होता.

मुलीलाही निघालं, पण अगदी सुरुवातीचं. किरणांच्या उपचाराने ते तिथेच थांबेल, असं डॉक्टर म्हणाल्या. माझं आता कडक लेन्सवरच भागवायचं.

घरी येताच तिने मैत्रिणीला फोन लावला आणि हसत, खणखणीत आवाजात म्हणाली, "अरे, मेरा कॉर्निया टेढ़ा निकला."

मी उठून खिडकी लावून घेतली.